काशीनं न पाडलेलं विमान

दौंडच्या लोको शेडमध्ये बन्सी ओव्हाळपुढं ‘अंदाजे’ हा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. एखाद्यानं चुकून म्हटलंच, “मामा, अंदाजे दोन सूत ढिलं हाय बघा,” तर बन्सी हातातला पाना खाली ठेवायचा, चष्म्याच्या वरून त्याच्याकडं बघायचा आणि म्हणायचा, “अंदाज मिठाचा करत्यात. इंजनाचं माप घेत्यात. जा, माप घेऊन ये.”

ही खोड त्याला रेल्वेनं लावली नव्हती, लढाईनं लावली होती. कवठे येमाईच्या म्हाळू ओव्हाळाचा हा थोरला. शिरूरला राहून मॅट्रिक झाला तेव्हा त्यांच्या वस्तीत मॅट्रिक झालेलं दुसरं कुणी नव्हतं. बेचाळीस साली हवाई दलात भरती निघाली, हा गेला, आणि इंजिन फिटर होऊन पार इम्फाळच्या धावपट्टीवर पोचला. तिथं त्याच्या वाट्याला आलं हरिकेन जातीचं एक लढाऊ विमान. आत एकच माणूस बसायचा, पंखांत चार तोफा, आणि इंजिनाचा आवाज असा की शेजारचा माणूस काय म्हणतो ते ओठांवरून ओळखायचं.

प्रत्येक विमानाच्या कुशीवर एक इंग्रजी अक्षर रंगवलेलं असायचं. बन्सीच्या विमानावर ‘के’ होतं. पेट्रोल भरायला, चाकांखाली ओंडके लावायला, रंगाचे डबे वाहायला तळावर वरवंडचा गेणबा गडदे नावाचा धनगराचा गडी होता. त्याला वाचता येत नव्हतं. ‘के’ म्हंजी काय, असं त्यानं दोघा-तिघांना विचारलं, कुणी नीट सांगेना, तेव्हा त्यानं आपणच ठरवून टाकलं, “काशी.” त्या दिवसापासून जमिनीवरच्या सगळ्या माणसांसाठी ते विमान काशी झालं.

लढाई संपली, सुटका झाली, बन्सी रेल्वेत लागला. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली, तिन्ही पोरींना शिकवलं, उजवलं. काशी उरली ती एका फोटोत. दौंडच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर तो टांगलेला असे. विमानाचं नाक, पुढं वैमानिक दुबाश साहेब, शेजारी तेलकट कपड्यांतला बन्सी, कडेला दात काढून हसणारा गेणबा. आणि वैमानिकाच्या बैठकीखाली रंगवलेलं एक लहानसं पांढरं निशाण, त्यात वाटोळा सूर्य. शत्रूचं, म्हणजे जपान्यांचं, एक विमान पाडलं की एक सूर्य काढायचा, ही तिथली रीत. काशीवर एक सूर्य होता.

सोजरबाईनं, म्हणजे बन्सीच्या बायकोनं, लग्नानंतर वरीसभर ही काशी म्हणजे कुणी बाईच समजली होती. एकदा तिनं तोंडावर विचारलं तेव्हा नवऱ्यानं फोटो पुढं केला. तिला बरं वाटलं, पण फार नाही. “बाई आसती तर इसरला तरी आसता,” असं ती शेजारणींना सांगायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली आणि शेडच्या कँटीनमध्ये दिवसभर रेडिओ चालू राहिला. आज इतकी विमानं पाडली, आज तितकी. एक कारकून चहा फुंकत म्हणाला, “ओव्हाळ, तुमच्या वेळेला काय, विमानं इंग्रजांची आणि लढाईही इंग्रजांची. तुम्ही काचा पुसल्या असतील.”

बन्सी ताडकन उठला. “काचा? आरं, चव्वेचाळीसच्या नव्हेंबरात आमच्या विमानानं चिंदविन नदीवर, अंदाजे...”

आणि तो तिथंच थांबला. स्वतःच्या तोंडून तो शब्द ऐकून त्याला चपराक बसल्यासारखं झालं. किती तारखेला? किती वाजता? विमानात कोण होतं? त्याला खात्रीनं एकही गोष्ट सांगता येईना. कारकून हसला आणि चहा पिऊन निघून गेला.

घरी येऊन बन्सीनं फोटो खाली उतरवला. “हिचा इतिहास लिहिनार,” तो म्हणाला. “पहिल्या उड्डाणापासनं शेवटच्या उड्डाणापातूर. छापनार.”

“कुनाचा?”

“काशीचा.”

“लिवा,” सोजरबाई म्हणाली. “म्हंजी तरी डोसक्यातनं जाईल.”

ते काही जायचं नव्हतं. बन्सीजवळ लढाईतल्या दोन वह्या होत्या. विमान कधी उडालं, कधी उतरलं, तेलाचा दाब किती, इंजिन किती तापलं, असं सगळं त्यात बारीक अक्षरात होतं. वह्या मुळात तीन होत्या. तिसरी सोजरबाईच्या आईनं कधीतरी चूल पेटवायला घेतली. ती माउली वारून बारा वर्षं झाली होती, पण बन्सीचा तिच्यावरचा राग त्या साली नव्यानं सुरू झाला.

त्यानं दिल्लीच्या कचेरीला इंग्रजीत पत्र लिहिलं, की अमुक तुकडीच्या ‘के’ विमानाच्या उड्डाणांची नोंद मिळावी. पाच महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: आपण विचारलेल्या काळात ‘के’ अक्षराची तीन विमानं होती, त्यांपैकी कोणतं?

बन्सी ते पत्र हातात धरून अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. एक विमान गेलं की त्याचंच अक्षर दुसऱ्याला द्यायचे, हे त्याला ठाऊक होतं. पण आपल्या डोक्यात तिन्हींची सरमिसळ झाली असेल, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. खरी ओळख शेपटीजवळच्या नंबरावरून पटायची. त्याला इंजिनाचा नंबर तोंडपाठ होता, पण इंजिनं बदलली जायची. शेपटीचा नंबर? तिकडं त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य विमानाच्या नाकापाशी गेलं होतं.

मग तो वरवंडला गेला. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता, दुष्काळाचं दुसरं वर्ष. गेणबानं बरीच मेंढरं विकली होती आणि उरलेली दहा-बारा दारात बांधून तो त्यांना बाभळीच्या शेंगा घालत होता. बन्सीला बघून त्यानं आरोळीच ठोकली, “बन्श्या! आरं, किती वाळलास!”

“गेण्या, आपल्या काशीच्या शेपटीवर नंबर हुता. तुला...” बन्सी थांबला. वाचता न येणाऱ्या माणसाला नंबर काय विचारायचा?

गेणबानं मेंढरं हाकायची काठी उचलली आणि अंगणातल्या फुफाट्यात रेघा ओढायला सुरुवात केली. एक उभी, तिला खाली पाय. मग एक उभी, तिला दोन पोटं. मग तीन आकडे, शेवटच्या आकड्याची शेपूट जरा वर वळलेली.

“रंग उडला की पुन्ना मीच काढायचो की,” तो म्हणाला. “ही शेवटची शेपूट माझ्याकडनंच वाकडी झाली हुती. साहेब बोलला हुता मला.”

“तुला वाचाया येत न्हाई, आन् हे ध्यानात ऱ्हायलं?”

“मेंढराच्या कानावरली खूण कुनी वाचतंय व्हय? वळखत्यात.”

बन्सीनं नंबर उतरून घेतला, मग खात्रीसाठी गेणबाला मान फिरवायला लावून फुफाटा पुसला आणि पुन्हा काढायला सांगितला. तोच नंबर आला. “आजून एकदा काढ,” बन्सी म्हणाला, तेव्हा मात्र गेणबानं काठी मेंढरांकडं वळवली. उड्डाणांचं बाकी काहीही विचारलं, तेव्हा आणि पुढंही, की तो एवढंच म्हणे, “आठवत न्हाई.”

तो नंबर दिल्लीला गेला आणि चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात जाडजूड पाकीट आलं. काशीची त्रेसष्ट उड्डाणं. तारीख, वेळ, वैमानिक, काम. पुढच्याच महिन्यात रेल्वेचा संप झाला. शेड बंद, इंजिनं थंड, सगळी माणसं घरी काळजीत. बन्सीलाही काळजी होतीच, पण वीस दिवसांत त्यानं पाच प्रकरणं लिहून काढली. सोजरबाई म्हणायची, “लोकं नोकरीच्या घोरात हायती, आन् आमच्याकडं ब्रह्मदेशात लढाई चाललीय.”

लिहून झालेलं घेऊन तो शिरूरला सोपानरावांच्या छापखान्यात गेला. दौंडच्या छापखान्यात लग्नपत्रिकेपुढं कुणाची उडी नव्हती. सोपानरावांनी निदान एकदा एका संस्थेचा अहवाल छापला होता. सोपानराव भला माणूस. त्यांनी वही चाळली, मान डोलावली आणि म्हणाले, “छापू की. फक्त कागद न्हाई.”

त्या साली कागदाची खरंच टंचाई होती. शाळेच्या वह्या मिळत नव्हत्या, तिथं विमानाच्या इतिहासाला कोण कागद देणार? सोपानरावांच्याच ओळखीनं बन्सी एका सोसायटीच्या चेअरमनकडं गेला. चेअरमनकडं सोसायटीच्या कोट्यातला कागद होता आणि त्यांना लढाईची आवडही होती.

“विमानं किती पाडली तुमच्या विमानानं?” त्यांनी पहिलंच विचारलं.

“एक.”

“एकच?”

“एकच, साहेब.”

“बरं, एक तर एक. पण ते झकास लिहा. धूर, जाळ, गिरक्या, सगळं आलं पाहिजे. कागद माझ्याकडनं घेऊन जा.”

बन्सी खुशीत घरी आला आणि ते प्रकरण लिहायला बसला, आणि तिथंच घोडं अडलं. त्रेसष्ट उड्डाणांच्या यादीत शत्रूचं विमान कुठं नव्हतं. पूल होते, नावा होत्या, रस्ते होते, दोनदा वेढ्यात सापडलेल्या पलटणीवर चिठ्ठ्यांची पिशवी टाकलेली होती. विमान नव्हतं. बन्सीला आठवलं, तो सूर्य उमटला त्या आठवड्यात आपण मलेरियानं दवाखान्यात होतो. परत आलो तेव्हा सूर्य होता आणि जो तो म्हणत होता, काशीनं पाडलं. मग नोंद गाळली गेली असेल. त्यानं दिल्लीला विचारलं. दिल्लीनं कळवलं, नोंद गाळलेली नाही. त्यानं पुन्हा विचारलं. दिल्लीनं पुन्हा तेच कळवलं, या खेपेला जरा तुटकपणे.

मग त्यानं दुबाश साहेबांना शोधायचं ठरवलं. ते पारशी, एवढंच ठाऊक. पुण्याच्या अग्यारीत चौकशी, तिथून मुंबईचा पत्ता, तो चुकीचा, तिथून कुणा पुतण्याचा पत्ता. शेवटी साहेब देवळालीला सापडले. पत्र लिहिल्यावर चार महिने काही नाही. एकीकडं चेअरमनचे निरोप येत होते, “झालं का पाडून?” शेडमध्येही हीच चेष्टा. “मामा, पडलं का आज?” बन्सी दात-ओठ खात हातोडा घालायचा.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात देवळालीहून उत्तर आलं. डोळे गेल्यामुळं दुसऱ्याकडून लिहून घेतलं आहे, म्हणून उशीर, अशी सुरुवात होती. पुढं साहेबांनी लिहिलं होतं: “ओव्हाळ, मी एकही विमान पाडलं नाही. रजेवरून आलो तेव्हा निशाण रंगवलेलं होतं. माझ्या जागी जो उडत होता त्यानं पाडलं असेल असं मला वाटलं, आणि मी पाडलं असं तुम्हा लोकांना वाटलं. तो बिचारा पुढं अपघातात गेला, त्यामुळं विचारायचं राहून गेलं. मी काय मारलं ते मला पक्कं आठवतं. नावा आणि बैलगाड्या. गाड्यांत दारूगोळा असे. गाड्या हाकणारे कोण होते ते मी कधी खाली उतरून पाहिलं नाही. लिहायचं असेल तर लिही, माझी हरकत नाही.”

बन्सीनं पत्र तीनदा वाचलं. मग फोटो काढला आणि भिंग घेऊन सूर्याकडं बघत बसला. सूर्य छान वाटोळा होता. कडेला जरा ओघळ आला होता. पलीकडं गेणबा दात काढून हसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि वरवंड गाठलं.

“गेण्या, खरं सांग. तो सूर्य कुनी काढला?”

“कंचा?” गेणबा म्हणाला, आणि लगेच त्याच्या तोंडावर तेच फोटोतलं हसू आलं. “त्यो व्हय? म्या.”

“कुनी सांगितलं तुला?”

“कुनी न्हाई. पुढल्या आठवड्यात फोटू काढनारा येनार हुता. शेजारच्या समद्या इमानांवर एकेक दोन-दोन सूर्य, आन् आपली काशीच तेवढी मोकळी. बिनखुणंचं मेंढरू कळपात कसं दिसतं? लाल रंग उरला हुता डब्यात. दिला काढून.”

“आन् मग पाडलं, पाडलं, असं समदे म्हणत हुते ते?”

“म्या कुटं म्हणलं पाडलं म्हणून? म्या निस्ता सूर्य काढला. पाडलं ते तुमी लोकांनी.”

बन्सी बाजेवर बसला. दोन वर्षं. दिल्लीला सात पत्रं, पुणं, मुंबई, देवळाली. आणि दौंडहून शिरूरला जाताना प्रत्येक खेपेला त्याची एसटी वरवंडातून गेली होती, ह्या घरापासून हाकेच्या अंतरावरून.

“मला आधी का न्हाई बोललास?”

“तू शेपटीचं इचारलंस. सूर्याचं कवा इचारलंस?” मग गेणबा जरा गंभीर झाला. “बन्श्या, ह्ये मात्र छापू नगं. धा वर्षं झाली, पंधरा ऑगस्टला शाळंत मला खुर्चीवर बसवत्यात. मी पोरास्नी सांगतो, आमच्या काशीनं कसं पाडलं. आता म्हातारपनी तोंडावर पाडतुस काय मला?”

बन्सी उठला. एसटीत त्याला गेणबाचा राग येत होता, स्वतःचा येत होता आणि मधूनच हसूही येत होतं, त्यामुळं राग आणखी वाढत होता. घरी येऊन त्यानं शेवटी असं लिहिलं: “विमानावरील सूर्याचे चिन्ह तळावरील एका माणसाने हौसेने रंगवले. या विमानाने शत्रूचे विमान पाडल्याचा कोणताही पुरावा नाही.” नाव घातलं नाही. आपल्या बाजूनं त्यानं एवढं केलं. बैलगाड्यांचं साहेबांनी लिहिलं होतं तसं घातलं.

चेअरमननी ते प्रकरण उभ्या उभ्या वाचलं. “अहो ओव्हाळ, एवढं लढाऊ विमान, आणि एकही पाडलं नाही? मग ते वर करत काय होतं?”

“त्रेसष्ट वेळा गेलं, साहेब, आन् त्रेसष्ट वेळा माघारी आलं. इंजन माझ्या हातचं हुतं.”

“ते ठीक आहे हो. पण वाचणाऱ्याला काय त्याचं? आणि ह्या बैलगाड्या? आपले वाचणारे शेतकरी. बैलांवर गोळ्या घातल्या असं छापलंत तर लोक मला काय म्हणतील? त्यापेक्षा एक विमान पाडा आणि बैलगाड्या काढा. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय,” बन्सी म्हणाला. कागद गेला.

तोवर आणीबाणी लागलेली. सोपानराव एरवी धीराचे, पण आता घाबरले. “सैन्याचं हाय, ओव्हाळमामा. परवानगी आणा.” पुन्हा दिल्लीला पत्र. सात महिन्यांनी उत्तर: आमची हरकत नाही, मात्र मजकूर अचूक असल्याची खात्री लेखकाने करून घ्यावी. ते वाचून बन्सी एवढ्या जोरात ओरडला की सोजरबाई पिठाच्या हातानं बाहेर आली.

कागदाची सोय शेवटी सोपानरावांनीच लावली. गोडाऊनमध्ये उरलंसुरलं होतं ते बाहेर काढलं. पहिल्या अठ्ठेचाळीस पानांपुरता पांढरा कागद निघाला, पुढच्या पानांना पिवळा, आणि शेवटी तमाशाच्या जाहिरातीतून उरलेला गुलाबी. “वाचनाऱ्याला कुठवर आलो ते कळंल,” सोपानराव म्हणाले.

आणि मग सुरू झाली प्रुफं. छापखान्यात खिळे जुळवायला म्हस्कू नावाचा कंपोझिटर होता. तीस वर्षं सप्ताहाची पत्रकं आणि लग्नपत्रिका जुळवून त्याची बोटं आपोआप चालायची. पहिल्या पानाचं प्रूफ बन्सीनं हातात घेतलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचलं. छापलं होतं: “या हरिकीर्तन विमानाने शत्रूच्या तळावर तोफांचा भडिमार केला.”

“म्हस्कूआप्पा, हे काय?”

“हरिकेन आसा शबुद आसतुय व्हय कुटं?” म्हस्कू म्हणाला. “तुमचं लिवायचं ऱ्हायलं आसंल म्हनून म्या पुरं केलं.”

दुसऱ्या पानावर “श्रीक्षेत्र काशीच्या डाव्या पंखास दोन गोळ्या लागल्या” असं होतं. बन्सीनं कपाळाला हात लावला. “आप्पा, मी बौद्ध मानूस. लोक म्हनतील, ओव्हाळाला म्हातारपनी काय झालं?”

हे कसंबसं निस्तरलं, तर आकडे संपले. एका लग्नाच्या मुहूर्ताला लागतील तेवढेच आकडे छापखान्यात होते, आणि बन्सीच्या प्रत्येक ओळीत १९४४. चारचे खिळे अर्ध्या पानातच संपायचे. सोपानरावांनी बराच विचार करून विचारलं, “मामा, चव्वेचाळीसच्या जागी त्रेचाळीस चालंल का? तीन शिल्लक हायती.”

बन्सी छापखान्याबाहेर जाऊन उभा राहिला. समोर बाजाराकडं जाणाऱ्या बैलगाड्या, एसटीचा हॉर्न, कांद्याचा वास. तो शंभरपर्यंत आकडे मोजून आत आला आणि शांतपणे म्हणाला, “एका वक्ताला अर्धंच पान जुळवा. छापा, खिळे मोकळे करा, मग उरलेलं अर्धं.” तसं केलं. दौंड, चौफुला, न्हावरं, शिरूर, आणि तसंच माघारी, अशा त्याच्या किती खेपा झाल्या ते त्यानं कुठं लिहिलं नाही. वैतागून लिहिलं नाही, असं तो म्हणे. शहात्तरच्या डिसेंबरात पुस्तक बांधून झालं. तीनशे प्रती. ‘हरिकेन के: एका लढाऊ विमानाचा इतिहास’. मुखपृष्ठावर तरी नाव बरोबर आलं होतं.

पहिली प्रत घेऊन तो गेणबाकडं गेला. मनात धाकधूक होती. गेणबाची सून गिताबाई सातवी शिकलेली. तिनं पदरानं हात पुसले, ओट्यावर बसून वाचायला सुरुवात केली. गेणबा डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्या पानावर त्यानं डोळे उघडले.

“थांब गं. दोन पूल न्हवतं. एकच पूल. दुसरा नावा बांधून केल्याला.”

बन्सीनं मान वळवली. गिताबाई पुढं वाचायला लागली.

“आन् त्या दिशी पाऊस न्हवता. धुकं हुतं. साहेब दोन घंटं खुर्चीवर बसून ऱ्हायला हुता, शिव्या देत. आन् पेट्रोल हातानं भरलं, पंप मोडला हुता. पुढं वाच.”

प्रत्येक पानाला एक दुरुस्ती. कोण आजारी होतं, कुठल्या चाकाची हवा गेली, कुणाच्या जागी कोण उडालं. बन्सीनं खिशातून पेन्सिल काढली आणि समासात लिहीत सुटला. शेवटी त्यानं पेन्सिल आपटली.

“गेण्या, तीन वर्षं मी तुला हेच इचारत हुतो! तवा म्हनायचास, आठवत न्हाई!”

“इचारलं की न्हाईच आठवत. आता चुकीचं वाचाय लागल्याव गप कसं बसायचं?”

मग गुलाबी पानं आली. गिताबाईनं वाचलं, “‘विमानावरील सूर्याचे चिन्ह तळावरील एका माणसाने हौसेने रंगवले.’”

बन्सी खाली बघत बसला.

“कुन्या मानसानं?” गेणबानं विचारलं.

“आरं, तूच म्हनला हुतास...”

“छापू नगं म्हनलो हुतो. छापलंसच की! मग छापलंस तर नाव का खाल्लंस? आक्ख्या वरवंडाला ठावं हाय रंगाचं काम माझ्याकडं हुतं. आता लोक म्हनत्याल, सूर्य दुसऱ्याच कुनी काढला. एवढा वाटोळा सूर्य!”

“आन् शाळंत काय सांगशील?”

“सांगीन, म्या काढल्याला सूर्य बुकात आला.”

बन्सी उठला. सोबत आणलेला गूळ तिथंच ठेवून तो तडक शिरूरची एसटी पकडून सोपानरावांकडं गेला आणि शुद्धिपत्र जुळवायला दिलं. बोटभर लांबीची चिठ्ठी: “पान ८९, ओळ ६: ‘एका माणसाने’ याऐवजी ‘वरवंडचे गेणबा गडदे यांनी’ असे वाचावे.” म्हस्कूनं मात्र “श्री. गेणबा गडदे” असं जुळवलं आणि बन्सीनं ते तसंच राहू दिलं.

घरातल्या प्रतींना सोजरबाईनं खळ लावून चिठ्ठ्या चिकटवल्या. “आजवर धुनं धुतलं, भांडी घासली, आता इमानाला ठिगळं लावतीय,” असं म्हणत, पण एकही वाकडी नाही. अडचण होती ती चिठ्ठ्या छापून येईतो वाटल्या गेलेल्या चाळीस प्रतींची. बन्सी दर रविवारी डब्यात खळ आणि खिशात चिठ्ठ्या घेऊन निघायचा. कारकुनाकडची प्रत टेबलाच्या पायाखाली सापडली. चेअरमननी आपली परत दिली, न उघडता. काहींनी चिठ्ठी लावू दिली आणि पुस्तक काय आहे ते तेव्हा प्रथम विचारलं.

शेवटची प्रत कवठे येमाईला होती, भावाकडं. तिथं गेला तर भाऊ म्हणाला, “झुंबरआत्यानं नेलंय.” झुंबरबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिचा भाऊ लढाईच्या काळात मजूर म्हणून ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला होता, तो परत आलाच नाही. तिला अक्षर येत नव्हतं. नातीकडून तिनं पुस्तक दोनदा वाचून घेतलं होतं.

“बस,” ती म्हणाली. “ह्यात बैलगाड्यांचं हाय. त्या गाड्या कुनाच्या हुत्या?”

“जपान्यांचा दारूगोळा हुता आत्या त्यात.”

“दारूगोळा त्यांचा. गाड्या कुनाच्या? हाकनारं कोन हुतं?”

“ते साहेबालाच ठावं न्हाई. लिवलंय तसं.”

“त्येला न्हाई, तर तू शोधलंस का?”

पाच वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. कारकुनानं नाही, चेअरमननी नाही, दिल्लीनं नाही. त्यानं स्वतःही नाही. बन्सी एकदम चिडला. “कुटं शोधू आत्या? तीस-बत्तीस वर्सं झाली. नाव न्हाई, नंबर न्हाई. परदेशातली गावं, त्यांची नावं बी आमी नीट लिवून घेतली न्हाईत. कुनाला पत्र घालू?”

“ते मला काय इचारतुस,” म्हातारी म्हणाली. “शिकल्याला तू.”

तिनं पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं. बन्सीनं डबा उघडला, गुलाबी पान काढलं, चिठ्ठीच्या पाठीवर बोटानं खळ पसरली आणि ती ओळीवर नीट बसवली. मग खळ वाळेपर्यंत, खाली बैलगाड्यांची ओळ असलेलं ते पान अंगठ्यानं दाबून धरून तो तिथंच उंबऱ्यात बसून राहिला.